हाय-एंड सीडी चेंजर : नाव बघावं की आतली यंत्रणा? आपापले अनुभव लिहा

खर्ज (धागाकर्ता), पुणे

चेंजर म्हणजे अनेक सीडी पोटात ठेवून स्वतःच बदलून लावणारा प्लेअर. त्याचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "चेंजर म्हणजे आज ना उद्या अडकणारच." दुसरं, "सोय आहे, पण आवाजात मार खातो." ज्यांनी फक्त म्युझिक सिस्टिममधला तीन डिस्कवाला हलका प्लॅस्टिकचा चेंजर वापरलाय, त्यांचा अनुभव खराच असणार. पण मी बरीच वर्षं चांगल्या प्रतीचे चेंजर रोज वापरतोय आणि दोन्ही वाक्यांवर मला सविस्तर बोलायचंय.

सीडी बाजारात आली १९८२ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत पायोनिअरचे सहा डिस्कच्या मॅगझिनवाले (डिस्क भरून आत सरकवायची पेटी असलेले) प्लेअर आले. मग गोल तबकावर पाच डिस्क ठेवायचे कॅरोसेल आले. नव्वदीत शंभर, दोनशे, तीनशे आणि शेवटी चारशे डिस्क पोटात घेणारे ज्यूकबॉक्स आले. नाकामिचीने मॅगझिन न ठेवता एकाच खणातून सात डिस्क आत घेणारी 'म्युझिकबँक' काढली. १९९६ मध्ये बँग अँड ओलुफ्सनचा बिओसाउंड ९००० आला. त्यात सहा डिस्क काचेखाली एका ओळीत मांडलेल्या असतात आणि वाचणारं डोकंच एकीवरून दुसरीकडे सरकत जातं. 'चेंजर' या एका नावाखाली इतकी वेगवेगळी यंत्रं आहेत, म्हणून सरसकट "चेंजर बिघडतो" म्हणण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं असं : खोक्यावरचं नाव नंतर बघा. आधी हे बघा की डिस्क मुक्कामाच्या जागेवरून लेसरपर्यंत जाताना किती वेळा उचलली, ओढली, ढकलली जाते. जितके हात बदलतात तितक्या अडकायच्या जागा. कॅरोसेलमध्ये डिस्क आपल्या खाचेतच असते. तबक फिरून तिला लेसरवर आणतं, खालून यंत्रणा वर येते, वरून चुंबकाची चकती डिस्कला धरते, झालं. मॅगझिनमध्ये पातळ पाती बाहेर ओढावी लागते आणि परत नेमक्या त्याच फटीत घालावी लागते. ज्यूकबॉक्समध्ये आख्खा रहाट फिरतो आणि उभी डिस्क एक दांडी ओढून नेते.

हाय-एंडवाल्यांनी, म्हणजे महागडी, उत्तम आवाजाची यंत्रं बनवणाऱ्यांनी, काय निवडलं तेही बघा. मॅकिंटॉशचा एमसीडी२०५, रोटेलचा आरसीसी-१०५५, कॅलिफोर्निया ऑडिओ लॅब्जचा सीएल-१०, सोनीचा एससीडी-सी५५५ईएस. चारही पाच डिस्कचे कॅरोसेल. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

एक विनंती. वाईट अनुभव लिहिताना कंपनीचं नाव न लिहिता यंत्रणेचा प्रकार लिहा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पूर्ण वेगळी यंत्रणा असू शकते, आणि लेसर तर बहुतेकांनी सोनी, फिलिप्स नाहीतर सान्यो यांच्याकडूनच घेतलेला असतो. नावावर शिक्का मारला की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. चांगला अनुभव असेल तर नाव खुशाल लिहा.

मारवा, मुंबई

छान धागा. विश्वासार्हतेबद्दल सहमत, आवाजाबद्दल नाही.

माझ्याकडे चांगला कॅरोसेल आहे आणि साधारण त्याच किमतीचा एका डिस्कचा प्लेअरही आहे. तोच ॲम्प्लिफायर, तेच स्पीकर. ख्यालाची सीडी लावली की सुरुवातीला दोन तानपुरे छेडले जातात ना, तिथेच फरक कळतो. सिंगलवर जवारी उलगडत जाते, चारही तारा वेगळ्या ऐकू येतात. चेंजरवर तोच तानपुरा एकसंध पडद्यासारखा मागे राहतो. तबल्यात फरक कमी, डग्ग्याच्या घुमाऱ्यात थोडा. हा भास नाही, घरच्यांनाही ऐकवलंय.

सोल्डरगन, डोंबिवली

मी दुरुस्ती करतो. दुकान लहान आहे, पण चेंजर भरपूर उघडून पाहिलेत. खर्ज यांचा "हात बदलण्याचा" निकष अगदी बरोबर आहे, त्यावर सावकाश लिहितो. आधी मारवा यांच्या मुद्द्याबद्दल.

तुम्हाला ऐकू आलेला फरक खरा असू शकतो. मात्र तो डिस्क बदलणाऱ्या यंत्रणेमुळे आहे असं समजू नका. सीडीवर माहिती लिहिताना ती विस्कटून, जास्तीच्या तपासणी-आकड्यांसह लिहिलेली असते. त्यामुळे ट्रॅकवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग ओरखडा असला तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. डिस्क कॅरोसेलवर फिरतेय की एकट्या ट्रेवर, आकड्यांना काही फरक पडत नाही. हे घरी तपासता येतं : दोन्ही प्लेअरच्या डिजिटल आउटमधून तोच ट्रॅक कॉम्प्युटरवर उतरवा, सुरुवात जुळवून घ्या आणि एक फाइल दुसरीतून वजा करा. दोन्ही यंत्रं धडधाकट असतील तर खाली शांतता उरते. मी हे गिऱ्हाइकांसमोर करून दाखवलंय.

फरक पडतो तो पुढे. आकड्यांचा आवाज करणारा डॅक, त्यानंतरचा ॲनालॉग भाग, त्यातले ऑप-ॲम्प, कॅपॅसिटर, पॉवर सप्लाय. एकाच किमतीत सिंगल आणि चेंजर बनवायचा तर चेंजरमध्ये मोटारी, सेन्सर, तबक, मोठा खण यांवर पैसे जास्त जातात आणि ॲनालॉग भागाला कात्री लागते. तुमच्या दोन यंत्रांची किंमत सारखी आहे, म्हणजे सिंगलचा ॲनालॉग भाग चांगला असणारच. चेंजरच्या डिजिटल आउटला वेगळा डॅक लावा आणि मग तानपुरा ऐकून इथे लिहा.

मारवा

लावून बघतो. पण तोवर एक मुद्दा : यंत्राचा स्वतःचा आवाज. रात्री उशिरा, खोलीत सामसूम असताना संथ आलाप लावला की माझ्या चेंजरची घरघर बसल्या जागी ऐकू येते. स्पीकरमधून नाही, खोक्यातूनच. ही आवाजातली उणीवच झाली की.

सोल्डरगन

हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि यावर कुणी बोलत नाही. डिस्क आतल्या कडेला वाचताना मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेपर्यंत जाताजाता २०० वर येते. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे बैठकीच्या सुरुवातीलाच, आलाप चालू असताना, मोटार सगळ्यात जोरात फिरत असते. त्यात कॅरोसेलचा पुढचा खण रुंद आणि पोकळ असतो. जड बांधणीच्या यंत्रात हा आवाज दाबला जातो, हलक्यात नाही. विकत घेताना स्पीकर बंद ठेवून नुसतं यंत्र चालवा आणि हातभर अंतरावरून ऐका.

नाट्यवेडी, ठाणे

ज्यूकबॉक्सच्या बाजूने कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे सोनीचा सीडीपी-सीएक्स३५५ आहे, तीनशे डिस्कचा. बाबांचा सगळा संग्रह त्यात आहे. मुंबईतल्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या सीडी (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं), अलूरकरांच्या दुकानातून घेतलेल्या, परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या, सगळ्या. बाबांना आता सीडीच्या डबीचं झाकण उघडणं जमत नाही, बोटं वळत नाहीत. त्यांच्यासाठी हे यंत्र म्हणजे चैन नाही, ते आहे म्हणून त्यांचं ऐकणं चालू आहे.

रचना आम्ही प्रहराप्रमाणे लावली. पहिले खण सकाळच्या रागांचे, मग दुपार, मग संध्याकाळचे यमन, पूरिया, मारवा, मग रात्रीचे. शेवटी नाट्यसंगीत आणि भावगीतं. पुढच्या मोठ्या बटणाने खण फिरवता येतो, बाबांना तेवढं जमतं. या मॉडेलला मागच्या बाजूला कॉम्प्युटरचा जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड लावता येतो, त्यावरून मी प्रत्येक डिस्कचं नाव टाइप केलं. इंग्रजी अक्षरांतच आणि मोजकी अक्षरंच मावतात, पण चालतं. यंत्र बरेच दिवस प्लगमधून काढून ठेवलं तर ही नावं पुसली जातात, त्यामुळे वहीतही यादी हवीच. आमची वही यंत्राखालीच असते, तिसऱ्या पानावर बाबांच्या अक्षरात रागांच्या वेळा आहेत.

आवाजाबद्दल बाबांची तक्रार नाही. ऑप्टिकल केबलने ॲम्प्लिफायरला जोडलंय.

खर्ज (धागाकर्ता)

नाट्यवेडी, मनापासून आभार. असा प्रतिसाद यावा म्हणूनच धागा काढला होता. "सगळं स्ट्रीमिंगवर आहे की" म्हणणाऱ्यांनी हा जरूर वाचावा. बाबांच्या संग्रहातल्या किती बैठका कुठल्याच ॲपवर नसतील.

ज्यूकबॉक्सबद्दल थोडी भर. एका खणात दोन डिस्क गेल्या तर यंत्र हमखास अडकतं. डिस्कवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ती आत घालूच नका. उष्णतेने लेबलची कड सुटते आणि दांडीत अडकते. आणि यंत्र हलवायचं असेल तर आधी सगळ्या डिस्क काढा. तीनशे डिस्क काढणं जिवावर येतं हे मान्य, पण उभ्या डिस्क प्रवासात खणातून निसटून मागे पडतात आणि मग झाकण उघडल्याशिवाय गत्यंतर नसतं.

हडसन_काठ, न्यू जर्सी

इकडची बाजू लिहितो. अमेरिकेत चेंजर ही नव्वदीच्या दशकातली प्रत्येक घरातली वस्तू होती. आता लोक घर रिकामं करताना तो अक्षरशः फुटपाथवर ठेवतात. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये (जुन्या वस्तूंच्या दुकानात) ओंक्योचे सहा डिस्कचे आणि डेननचे पाच डिस्कचे कॅरोसेल अगदी स्वस्तात मिळतात. मी दोन्ही घेतलेत आणि दोन्ही छान चालतात. डेननचा डीसीएम-३७० आहे, त्यात एचडीसीडी (जास्त बारकावे साठवणारी सीडी) वाचायची सोय आहे. माझ्या संग्रहात तशा सीडी थोड्याच आहेत, पण त्या लावल्या की दिवा लागतो आणि मला बरं वाटतं.

मॅकिंटॉशचा एमसीडी२०५ एका मित्राकडे आहे, त्याच्याकडे गेलो की आम्ही तासन्‌तास ऐकतो. बॅलन्स्ड आउटपुट आहेत. ॲनालॉग आउटचा आवाज इतका भरदार की वेगळा डॅक लावावासा वाटला नाही. म्हणजे मारवा यांचं निरीक्षण आणि सोल्डरगन यांचं कारण, दोन्ही पटतं : जिथे कात्री लागलेली नाही तिथे चेंजर कुठेही मार खात नाही.

भारतात नेणाऱ्यांसाठी. इथली बहुतेक यंत्रं १२० व्होल्टची असतात. तिकडे २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलीत तर पॉवर सप्लाय तिथेच संपला. चांगल्या प्रतीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. ५० आणि ६० हर्ट्झची चिंता करू नका. टर्नटेबलच्या काही मोटारी मेनच्या हर्ट्झवर चालतात, सीडी प्लेअरचा वेग क्रिस्टलवर ठरतो. काही मॉडेलांत मागे व्होल्टेज बदलायचा खटका असतो, तो आधी तपासा.

माझा एक चेंजर कुरिअरने पुण्याला पाठवला होता, तो पोचला तेव्हा आतलं तबक रुळावरून उतरलं होतं. खोकं उलटंसुलटं केलं गेलं होतं हे उघड होतं. ज्यांना पाठवायचाय त्यांनी तळाशी ट्रान्सपोर्ट स्क्रू आहे का बघावं, असेल तर लावावा, आणि तबकाखाली पातळ फोम सरकवावा. सर्वांत उत्तम म्हणजे सामानातून स्वतः आणावा.

तळकोकण, कुडाळ

आमच्याकडचा प्रश्न वेगळा. पावसाळ्याचे चार महिने दमट हवा. दुरुस्तीवाल्याने माझ्या चेंजरची लेन्स भिंगातून दाखवली तेव्हा तिच्यावर बुरशीची जाळी दिसली, कॅमेऱ्याच्या लेन्सवर येते तशीच. डिस्क लावली की यंत्र बराच वेळ शोधत राहायचं आणि मग "नो डिस्क". शिवाय पाल. मागच्या फटींतून आत जाते, अंडी घालते, आणि सर्किट बोर्डवर शॉर्ट झाली की खेळ खलास.

इथे उपयोगी पडलेले उपाय : यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवायचं, म्हणजे आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. मागच्या फटींना आतून बारीक जाळी लावून घेतली. आणि कपाट बंद काचेचं नको, मागून उघडं हवं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर पावसाळ्यात त्या वरचेवर तापवून कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर असून नसल्यासारख्या.

विजा चमकू लागल्या की प्लग काढायचाच. स्टॅबिलायझरवर भरोसा ठेवून चालत नाही.

सोल्डरगन, डोंबिवली

तळकोकण यांनी लिहिलेलं सोन्यासारखं आहे. आता मी कबूल केलेलं लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या चेंजरमध्ये काय बिघडलेलं असतं?

सर्वांत जास्त वेळा रबरी बेल्ट. खण उघडणारा एक, तबक फिरवणारा एक, कधी यंत्रणा वर उचलणारा तिसरा. वीस-पंचवीस वर्षांत रबर एकतर सैल पडतं, नाहीतर विरघळून डांबरासारखं चिकटतं. खण अर्धा उघडून परत आत गेला की लोक म्हणतात "मशिन गेलं". गेलेलं काही नसतं. बेल्ट बदला, पुली अल्कोहोलने पुसा, आणखी दहा वर्षं बघायला नको.

दुसरं, वाळलेलं ग्रीस. लेसर ज्या दांडीवर पुढेमागे सरकतो त्या दांडीवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. सुरुवातीची गाणी नीट वाजतात आणि शेवटची अडखळतात, किंवा उलट. लोक लगेच लेन्स बदलायला सांगतात. आधी दांडी स्वच्छ करून पातळ ग्रीस लावा.

तिसरं खास कॅरोसेलचं. तबकाच्या खालच्या बाजूला खाचा असतात आणि एक लहानसा प्रकाशाचा सेन्सर त्या मोजतो. कितवी डिस्क लेसरवर आहे ते यंत्राला त्यावरून कळतं. सेन्सरवर धूळ बसली की मोजणी चुकते आणि तबक गोल गोल फिरतच राहतं. बघणाऱ्याला वाटतं मोठा बिघाड. मऊ ब्रशने सेन्सर साफ केला की काम झालं. हा बिघाड कुठल्याही कंपनीच्या कॅरोसेलमध्ये येतो.

लेन्स खरंच गेलेली असेल तर बदलावी लागते. सोनीची केएसएस-२१३ पुष्कळ यंत्रांत आहे आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, पण तिच्या नकलाही तितक्याच सहज मिळतात. स्वस्तातली नक्कल महिनाभर छान वाजते आणि मग सीडी-आर (घरी लिहिलेली सीडी) वाचायचं सोडते. जुन्या बंद पडलेल्या यंत्रातून काढलेली अस्सल लेन्स मी जास्त पसंत करतो.

स्वतः बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. नवी लेन्स येते तेव्हा तिच्या छोट्या पट्टीवर दोन टोकं जोडणारा सोल्डरचा बारीक ठिपका असतो. हाताच्या स्थिर विजेने लेसर जळू नये म्हणून कंपनी तो मुद्दाम ठेवते. रिबन (लेन्सची चपटी वायर) जोडल्यावर तो ठिपका काढायचा असतो. काढला नाही तर लेसर लागतच नाही, आणि रिबन जोडण्याआधी काढला तर लेसर जळायची भीती. माझ्याकडे "नवी लेन्ससुद्धा खराब निघाली" म्हणून आलेल्या यंत्रांत हा ठिपका तसाच असतो. सोल्डरिंग आयर्न लावायचं, ठिपका वितळवून ओढून घ्यायचा, दोन सेकंदांचं काम.

आणि लेन्सच्या बाजूचा बारीक प्रीसेट (लेसरची पॉवर ठरवणारा स्क्रू) पिळून "पॉवर वाढवून देतो" म्हणणाऱ्याकडे यंत्र देऊ नका. थोडे दिवस सुरळीत चालेल, लेसरचं उरलेलं आयुष्य त्यात जाळलं जाईल.

ऊर्ध्वमूल, कोपनहेगन

बिओसाउंड ९००० माझ्याकडे आहे, जुना घेतलेला. डिझाइन डेव्हिड लुइस यांचं. भिंतीवर उभा लावलाय. लोक त्याच्या दिसण्याबद्दल बोलतात, पण खर्ज यांच्या निकषावर तो कुठे बसतो ते सांगतो. यात डिस्क कुठेच नेली जात नाही. सहाही आपापल्या जागी असतात आणि डोकं त्यांच्यापाशी येतं. म्हणजे हात बदलायचा प्रश्नच नाही. त्याच्या बदल्यात सरकणाऱ्या गाडीची जबाबदारी मोठी : लांब रूळ, मोटार आणि डोक्याबरोबर सतत वाकणारी रिबन. ती वेळच्या वेळी तपासून घेतो.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे डिस्क वाजून झाली की ती तुम्ही ठेवली होती तशीच, त्याच कोनात थांबते. लेबलवरचा फोटो सरळ ठेवला असेल तर सरळच राहतो. सहा डिस्कवरचे सहा गायक भिंतीवरून सरळ तुमच्याकडे बघत असतात. कुणीतरी एवढा विचार केला याचं मला कौतुक वाटतं.

आवाज स्वच्छ, मोकळा. मी त्याच कंपनीच्या स्पीकरांवर ऐकतो, त्यामुळे इतर यंत्रांशी तुलना करत नाही.

मारवा, मुंबई

सोल्डरगन, तुम्ही सांगितल्याप्रमाणे चेंजरच्या डिजिटल आउटला डॅक लावला. तानपुऱ्यातला फरक उरला नाही. सिंगलही त्याच डॅकला जोडला, दोन्ही मला ओळखता येत नाहीत. घरघरीसाठी चेंजर कपाटाच्या खालच्या कप्प्यात हलवला. आभार.

पण आता नवाच प्रश्न. माझ्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या जपानी छपाईच्या एक-दोन सीडी डॅकमधून फार कर्कश वाजतात. स्वरमंडल कानाला टोचतं. चेंजरच्या ॲनालॉग आउटवर त्याच सीडी व्यवस्थित. असं का?

सोल्डरगन

बरोबर पकडलंत. त्याला प्री-एम्फसिस म्हणतात. सुरुवातीच्या काळात काही सीडी छापताना वरचे स्वर मुद्दाम चढवून ठेवायचे आणि प्लेअर ते परत उतरवायचा, म्हणजे त्याबरोबर खरखरही कमी व्हायची. डिस्कवर तशी खूण असते. जुन्या प्लेअरचा डॅक ती खूण वाचून उतरवतो. डिजिटल आउटमधून खूण पुढे जाते, पण आजकालचे बरेच डॅक तिच्याकडे बघतच नाहीत. म्हणून अशा डिस्क ॲनालॉग आउटवरच ऐका. दोन्ही केबल जोडून ठेवा आणि ॲम्प्लिफायरवर इनपुट बदला.

आणि कुणाकडे एसएसीडी (सीडीच्या पुढची, वरच्या प्रतीची डिस्क) वाचणारा चेंजर असेल तर लक्षात ठेवा, कोॲक्सिअल-ऑप्टिकलमधून फक्त साध्या सीडीचा सिग्नल येतो. एसएसीडी ऐकायची तर ॲनालॉग आउटच वापरा.

मडगावकर

धागा वाचून उत्साह आला. इथे एक गृहस्थ पाच डिस्कचा रोटेल विकतायत, आरसीसी-१०५५. रविवारी बघायला जातोय. तिथे काय काय तपासू? सोबत कुठल्या सीडी नेऊ?

खर्ज (धागाकर्ता)

मडगावकर, जरूर बघा. पाच डिस्क न्या. एक नवीकोरी, एक सत्तर मिनिटांच्या वरची, एक घरी जाळलेली सीडी-आर, एक ओरखडे असलेली, आणि तुमच्या कानाला पाठ असलेली एक. पाचही खाचांत घाला. एकच डिस्क पाच खाचांत फिरवू नका, पाचही भरल्यावर तबकाला वजन येतं आणि सैल बेल्ट तेव्हाच उघडा पडतो.

लांब डिस्कचा शेवटचा ट्रॅक पूर्ण ऐका. बाहेरच्या कडेला डिस्क किंचित वाकडी असली तरी लेसरची कसोटी लागते. सीडी-आरचं परावर्तन छापील सीडीपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून थकलेला लेसर आधी तिथेच अडखळतो. सीडी-आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) नेऊ नका. तिचं परावर्तन इतकं कमी असतं की कित्येक धडधाकट जुने प्लेअरही ती वाचत नाहीत, त्यावरून काही ठरवता येत नाही.

यंत्र थंड असताना सुरू करा, आणि तासभर चालल्यावर परत सगळ्या डिस्क बदलून बघा. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलं असेल तर त्यांना सांगा, थोडं थांबू, गार होऊ दे. रिमोट आहे का विचारा. काही मॉडेलांत निम्मी कामं रिमोटशिवाय होत नाहीत.

नाट्यवेडी, ठाणे

एक माझ्याकडूनही. घरी आणल्यावर सगळ्या डिस्कवर मिळून शफल लावायचा मोह होतो. शक्यतो नको. प्रत्येक गाण्याला यंत्रणा खालीवर, तबक इकडेतिकडे. आमच्याकडे भाचेमंडळी आली की हे बटण दाबतात, म्हणून मी रिमोटवरच्या त्या बटणावर चिकटपट्टी लावलीय.

मडगावकर

घेतला! पाचही डिस्क वाचल्या, सीडी-आरसकट. लांब डिस्कचा शेवट निर्वेध. खण मात्र बंद होताना शेवटच्या इंचाला रेंगाळतो, थोडं ढकलावं लागतं. विकणाऱ्यांनी तेवढे पैसे कमी केले. सोल्डरगनकाका, बेल्टच ना? माप कसं घेऊ? जुना बेल्ट ताणलेला आहे, त्याच्यावरून नवा मागवला तर तोही सैलच यायचा.

सोल्डरगन, डोंबिवली

बेल्टच. जुन्यावरून माप घेऊ नका, बरोबर ओळखलंत. बेल्ट काढा आणि दोन्ही पुल्यांभोवती, खाचेत बसेल असा, शिवणाचा दोरा गुंडाळा. दोऱ्याची लांबी मोजा आणि त्याहून पाच ते आठ टक्के कमी घेराचा बेल्ट मागा. त्याहून घट्ट घेतलात तर मोटारीच्या बुशावर ताण येईल. बेल्टचा छेद चौकोनी आहे की चपटा तेही बघून सांगा. चौकोनीच्या जागी गोल बेल्ट बसतो खरा, पण खाचेत घसरतो. बेल्ट काढताना खण हाताने पूर्ण बाहेर ओढावा लागेल. त्यासाठी खालच्या बाजूने पांढरं दातेरी चाक फिरवा, खणाला धरून ओढू नका. माप आणि छेद इथे लिहा, माझ्याकडे असेल तर पोस्टाने पाठवतो.